ऐन हंगामातली मैत्रीपूर्ण लढत

शिरूर कासारहून बीडला जाणारी सकाळची पहिली एसटी धरली तेव्हा माझ्या पिशवीत तीन धपाटे, एक मफलर आणि गुलाबी कागदाचे एक हँडबिल होते. हँडबिलावर माझे नाव नव्हते, पण त्यातला शब्दन् शब्द माझा होता. माझा छापून आलेला तो पहिलाच मजकूर. आईला वाचता येत नाही, तरी तिने आदल्या दिवशी तो कागद दोन्ही हातांनी धरून पाहिला आणि भिंतीतल्या देवळीत ठेवायला मागितला. मी म्हणालो, परत आल्यावर देतो.

त्याची हकिगत अशी. अंबाजोगाईजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यावर परदेशातला एक फुटबॉलचा क्लब येणार होता. कारखान्याची यंत्रे ज्या दूरच्या देशातून आली, तिथल्याच यंत्रकामगारांचा हा क्लब. पुणे आणि हैदराबाद इथल्या सामन्यांच्या मध्ये त्यांना दोन दिवस मोकळे होते. आपली यंत्रे पाहावीत आणि कारखान्याच्या संघाशी एक दोस्तीचा सामना खेळावा, असे त्यांनी ठरवले. कारखान्याकडे इंग्रजी पत्र आले ते कॉलेजातल्या माझ्या सरांकडे गेले आणि सरांनी ते मला पाठवले. 'तू इंग्रजी घेऊन बी.ए. झालास. याचा मराठी मजकूर कर आणि दोन दिवस दुभाषी म्हणून ये.' ज्या सरांनी मला वसतिगृहात जागा मिळवून दिली, त्यांचे काम म्हणजे माझ्यासाठी देवाचे काम. मी शाळेतून रजा काढली.

पत्रात या सामन्याला हंगामाच्या मधला, दोस्तीचा, असे म्हटले होते. मी आधी 'मैत्रीपूर्ण सामना' लिहिले, मग खोडले. ते जरा हलके वाटले. 'मैत्रीपूर्ण लढत' असे वर्तमानपत्रात वाचल्याचे आठवत होते. ते भारदस्त वाटले. म्हणून छापले गेले ते असे: 'ऐन हंगामात मैत्रीपूर्ण लढत. सर्वांनी बहुसंख्येने हजर राहावे.' कोणत्या बातमीत ते शब्द वाचले होते, हे मी आठवून पाहिले नाही. आमच्या भागात साखर कारखाना नाही. आमच्याकडची माणसे कारखान्याला जातात ती ऊस तोडायला, मत द्यायला नव्हे.

बीडला गाडी बदलली. मांजरसुंब्याचा घाट चढताना दोन्ही बाजूंचे डोंगर करपलेल्या भाकरीसारखे दिसत होते. पाऊस मृगात एकदा आणि हस्तात एकदा येऊन गेला होता, मध्ये काही नाही. नेकनूरच्या पुढे ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती. रस्त्याकडेला प्रत्येक गावात टँकरच्या वाटेवर घागरी, कळशा आणि डालड्याचे डबे ओळीने मांडलेले होते. माणसे सावलीत होती. त्यांच्या जागी भांडीच उभी होती.

केजला गाडी अर्धा तास थांबली. स्टँडच्या भिंतीवर माझे गुलाबी हँडबिल चिकटवलेले पाहून छाती भरून आली. शेजारी एक पटकेवाले म्हातारबा तो कागद एका तरुणाकडून वाचून घेत होते. तरुणाने 'मैत्रीपूर्ण लढत' म्हटले तसे ते दोन पावले मागे सरले.

"कुणाकुणात लागलीय?" त्यांनी विचारले.

"कारखाना नि गोरे लोक."

"मंग आमी न्हाई येत बाबा. मागल्या मैत्रीपूर्णला आमच्या मेव्हण्याचं डोस्कं फुटलंतं."

मी पुढे होऊन म्हणालो, "बाबा, ही निवडणूक नाही. चेंडूचा खेळ आहे."

त्यांनी मला आपादमस्तक पाहिले. "तुमी कुण्या गावचे?"

"शिरूर कासारचा."

"मंग तुमाला काय म्हाईत. इथं मैत्रीपूर्ण मंजी सख्ख्या भावा-भावात लढत. दुष्मनाची मारामारी बरी, तिच्यात कुठं थांबायचं ते कळतं. मैत्रीपूर्णमदी कुणी थांबवतच न्हाई."

मग त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले. कारखान्याच्या मागच्या निवडणुकीत एकाच पुढाऱ्याची दोन पॅनेल एकमेकांसमोर उभी राहिली होती. कर्ण्यावरून तिला मैत्रीपूर्ण लढत म्हणत. ती संपली तेव्हा सात-आठ जण दवाखान्यात होते. पण खरी गोष्ट पुढेच होती. कोणत्या सभेत कोणी टाळ्या वाजवल्या, हे कोणीतरी वहीत लिहून ठेवले होते. नको तिथे टाळी वाजवणाऱ्यांच्या शेतावर हंगामात तोडीची टोळी आलीच नाही. ऊस उभ्या-उभ्या वाळला. "पाणी आसतं तर ऊस चार दिस दम धरतो," म्हातारबा म्हणाले. "आवंदा कुठलं पाणी? आवंदा टाळी महाग हाय."

पिशवीतले धपाटे मी खाल्ले नाहीत.

अंबाजोगाईला उतरून मी थेट करीमचाचांच्या गॅरेजवर गेलो. कॉलेजात असताना रविवारी त्यांच्या ओट्यावर बसून मी रेडिओवर फुटबॉल ऐकला आहे. या गावात एके काळी निजामाच्या घोडदळाची छावणी होती. शिपाई गेले, चेंडू राहिला. चाचांच्या मोमीनपुऱ्यात अजून घराघरात कोणी ना कोणी गोलकीपर आहे. करीमचाचा सत्तरीला आले असतील. सामना असला की त्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, असे सगळे सांगतात.

"आव मास्तर, बैठो," ते म्हणाले. घरातून खिचडी-खट्टा (मसुरीची खिचडी आणि चिंचेचे आंबट सार) आले. जेवताना मी हँडबिल पुढे केले आणि हे मीच लिहिले असे सांगितले. ते बराच वेळ चावत राहिले.

"हर्फ अच्छे छपे हैं," शेवटी ते म्हणाले. "लेकिन मास्तर, दोस्ती का खेल लिहायचं होतं. लढत कावून लिवली?"

"भारदस्त वाटली चाचा."

"वाटली ना? आमच्या गल्लीला पण वाटली. पोरं म्हणतात, मैदानात जायचं, बसायचं, तोंड उघडायचं नाही. अपने गॅरेज में गाड्या कारखान्याच्याच येतात. मैं भी मुँह में मफलर डालके बैठूंगा."

हसावे की नाही, मला कळले नाही. ते स्वतः हसत नव्हते.

उन्हे कलल्यावर चाचांनी मला मोटारसायकलवरून कारखान्यावर सोडले. धुराड्यातून धूर निघत होता आणि मळीचा आंबूस वास कोसभर आधीपासूनच येत होता. कारखान्यामागच्या माळावर ऊसतोड्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) होत्या. तिथे मला नामदेवला भेटायचे होते.

नामदेव आणि मी शिरूरला सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. आमच्या हैदर सरांनी शाळेला फुटबॉल शिकवला, त्यात नामदेव बॅक होता. त्याला चुकवून चेंडू गेला असे मी फार थोड्या वेळा पाहिले. सातवीनंतर तो आई-बापांबरोबर उसावर गेला तो गेलाच. मी मॅट्रिकच्या परीक्षेला निघालो तेव्हा उसावरून लवकर परतलेल्या नामदेवने स्वतःच्या नव्या चपला काढून मला दिल्या. "परीक्षेला अनवाणी जाऊ नगंस," म्हणाला. त्या चपला घालून मी पास झालो. तो अजून अनवाणीच खेळतो.

कारखान्याच्या संघाला बॅक हवा होता आणि तो टोळीत सापडला. मुकादमाने परस्पर होकार कळवला होता.

"ये बे शिरमंत्या," नामदेव म्हणाला. माझे नाव श्रीमंत आहे आणि जगात तोच एक जण मला असे हाक मारतो. त्याची बायको केशर चुलीपुढे होती. तिने पदर सारखा केला आणि चहाचे आधण ठेवले. टँकरच्या पाण्याचा चहा गढूळ लागतो, पण तिने त्यात आले ठेचून घातले होते.

"भावजी," चहा देताना ती म्हणाली, "एक इचारू का? त्यो खेळ हाय का लढत हाय?"

"खेळ आहे वहिनी."

"मंग लढत कावून लिवलं?"

मी कप खाली ठेवला.

"गोऱ्याच्या बुटाला नाल आसत्यात म्हणं. बैलाला ठोकत्यात तसल्या. आन् ह्यांच्या पायात काय बी न्हाई. पाय मोडला मंजी?"

"मोडत नाही गं," नामदेव म्हणाला.

"तुमी गप बसा. मी भावजीला इचारतेय." ती माझ्याकडेच पाहत होती. "आमी एक कोयता हावोत. ह्यांचा पाय गेला की आर्धा. आर्धा कोयता कुठल्या टोळीत चालतो ते सांगा."

गावाकडच्या वाचकांना हे सांगायला नको, पण शहरात जन्मलेल्यांसाठी सांगतो. कारखान्याच्या हजेरीत तोड्यांची माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, दोघे मिळून एक कोयता. दोघांतला एक जण पडला, तर उरलेल्याला टोळीत जागा राहत नाही. ऐन हंगामात पाय मोडलेला माणूस कोपीत पडून असलेला मी लहानपणी पाहिला आहे. त्याच्या बायकोला मुकादमाने दुसऱ्या दिवशी उसाच्या फडावर घेतले नव्हते.

"नको खेळूस," मी नामदेवला म्हणालो.

"मुकादमाला काय सांगू? पोटात दुखतंय?" तो हसला. पण पायाचा अंगठा तो जमिनीत दाबत होता. शाळेत गणिताचा तास असला की असेच करायचा.

मी माझे कॅनव्हासचे बूट काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने घालून पाहिले, टाच आत जाईना. "तुझे पाय शिकल्यामुळं बारीक झाले," तो म्हणाला आणि बूट परत दिले.

तिथून मी कारखान्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या सचिवांना हात जोडून म्हणालो, हँडबिलात माझी चूक झाली आहे, लोक घाबरलेत, 'लढत' शब्द बदलून पुन्हा छापता येईल का. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "चेअरमनसाहेबांनी वाचून पास केलंय. म्हणजे साहेबांची चूक झाली म्हणता?" मी 'नाही' म्हणालो. लगेच 'नाही' म्हणालो. मी पदवीधर आहे, शिक्षक आहे, तरी केजच्या म्हातारबांइतकाच घाबरलो होतो. "फार तर उद्या माइकवर सांगा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परदेशी संघ बसमधून उतरला. सकाळी त्यांनी यंत्रे पाहिली होती. त्यांच्यातल्या एकाने एका मोठ्या दातेरी चाकावर हात फिरवला आणि हे माझ्या वडिलांच्या खात्यात झाले असावे, असे मला सांगितले. मी ते चेअरमनसाहेबांना मराठीत सांगितले. साहेबांनी त्याला उसाचा रस पाजला. चांगली, आदबशीर माणसे होती. पण मैदानाकडे चालत निघाली तेव्हा डांबरी रस्त्यावर त्यांच्या बुटांचे खिळे वाजू लागले आणि कडेला उभ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले.

मैदान दगडासारखे झाले होते. मारायला पाणी कुठले? म्हणून कारखान्याने वर चिपाडाचा भुसा पसरला होता. एका कडेला मांडव, त्यात चेअरमनसाहेब आणि पाहुणे. मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलावर माइक आणि मी. समोर शेतकरी सभासद उतारावर बसले होते, त्यांच्यात मोमीनपुऱ्याची माणसे. उत्तरार्धात आमचा होणार होता त्या गोलामागे टोळीच्या टायरच्या बैलगाड्या उभ्या केल्या होत्या आणि त्यांवर बायका बसल्या होत्या. एका गाडीच्या जुवावर केशर उभी होती.

इतकी माणसे आलेली पाहून मी विचार केला, लोक भ्याले नाहीत. मग लक्षात आले. न येणाऱ्यांचीही नावे लिहिली जातील, या भीतीने ती आली होती.

मी माइकवर उभा राहिलो. "बंधूंनो आणि भगिनींनो, ही निवडणुकीतली लढत नाही. हा खेळ आहे. दोन्ही संघांना मोकळेपणाने टाळ्या वाजवा. कोण कोणाला टाळ्या वाजवतो, हे कोणीही लिहून घेणार नाही."

हे बोलून मी खाली बसलो आणि समोरची वही उघडून, गोल कोणी केले ते टिपायला, पेनचे टोपण काढले.

उतारावरच्या शेकडो माणसांचे डोळे माझ्या पेनावर आले. मी वर पाहिले. पहिल्या रांगेतल्या एका माणसाने मांडीवरचे दोन्ही हात हळूच काखेत घातले. शेजाऱ्याने तसेच केले. मग ओळीच्या ओळी हात काखेत गेले. मी टोपण लावून पेन खिशात ठेवले, पण आता ते कोणी पाहत नव्हते.

शिट्टी झाली. सामना सुरू झाला. आवाज फक्त चेंडूचा, खिळ्यांचा आणि मागे कारखान्याचा. मयतीलासुद्धा कोणीतरी खोकते. इथे खोकलाही नव्हता. पहिला गोल त्यांनी केला, तरी चिडीचूप. आमच्या वर्कशॉपमधल्या एका फिटरने वीस पावलांवरून चेंडू मारला, तो वरच्या दांडीला लागून परत आला आणि ती दांडी धनुष्यासारखी टणत्कारली, तरी चिडीचूप. मला करीमचाचा दिसत होते. मफलरची घडी त्यांनी खरोखरच दातांत धरली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होते.

मध्यंतराला त्यांचे पांढऱ्या मिशांचे प्रशिक्षक टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, तुमच्याकडे आज कोणी वारले आहे का? असेल तर आम्ही दंडाला काळी पट्टी बांधतो. मला खरे सांगवेना. मी म्हणालो, आमच्याकडे पाहुण्यांसमोर आवाज करीत नाहीत. त्यांनी जाऊन आपल्या मुलांना ते सांगितले. उत्तरार्धात ती मुलेही एकमेकांशी कुजबुजत खेळू लागली. आता तर भीती त्यांच्याही अंगात शिरल्यासारखी वाटत होती.

नामदेव मात्र खेळत होता. अनवाणी, कमरेला करदोटा आणि त्यावर कारखान्याची चड्डी. दोनदा त्याने गोऱ्या गड्याच्या पायातून चेंडू काढून घेतला. दोन्ही वेळा मी पाहिले ते केशरकडे. ती चेंडू पाहतच नव्हती. तिची नजर त्याच्या पायांवर होती.

सामना संपायला थोडा वेळ राहिला असताना एक चेंडू फार उंच उडाला. नामदेव मान वर करून त्याखाली उभा राहिला. हैदर सरांनी शिकवलेले पहिले वाक्य होते, चेंडूवरून नजर काढू नका. त्याने काढली नाही. त्याच्या पाठीमागून त्यांचा सर्वांत उंच गडी त्याच चेंडूकडे पाहत, दाव्यातून सुटलेल्या बैलासारखा धावत येत होता. दोघांपैकी कोणालाच दुसरा दिसत नव्हता. आम्हाला सगळ्यांना दिसत होता. हजारभर माणसांना दिसत होते आणि कोणी तोंड उघडले नाही. मीही नाही. माइक माझ्या हातभर अंतरावर होता.

"आवं, मागं बगा," गाडीवरून आवाज आला.

गोलाच्या आसपासच्या सात-आठ बाप्यांनी एकदम मागे वळून पाहिले. प्रत्येकाच्या घरी तीच हाक असते. नामदेव वळला नाही. त्या हाकेत तो कुठेच नव्हता.

केशरने एकदा श्वास घेतला.

"नामदेवऽ"

दगडावर कोयता बसावा तसा तो आवाज त्या शांततेत उमटला. नामदेवने चेंडूवरून नजर काढली, वळला आणि अंग चोरून बाजूला झाला. तो उंच गडी त्याच्या खांद्याला वारा लावून पुढे गेला. त्याचा वर उचललेला बूट मांडीपासून वीतभर दुरून गेला. चेंडू भुशावर पडला, त्या गड्याच्या गुडघ्याला लागला आणि आमच्या गोलात गेला.

पुन्हा शांतता. केशरने दोन्ही हातांनी पदर तोंडावर ओढला होता. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचे नाव घेतले होते ते फक्त उखाण्यात, तेही बायकांच्या घोळक्यात आणि खाली मान घालून. आता सगळ्या सभासदांपुढे, चेअरमनपुढे, परदेशी पाहुण्यांपुढे नुसते नाव घेतले होते, अलीकडे-पलीकडे ओळ न जोडता.

"घेतलं गं बया नाव," गाडीवरची एक म्हातारी म्हणाली आणि नाव घेतल्यावर बायका वाजवतात तशा तिने टाळ्या वाजवल्या. सवयीचा हात तो. बाकीच्या बायकांनीही वाजवल्या. एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर टाळ्या गेल्या.

गोल करणाऱ्या गड्याला वाटले, त्या आपल्यासाठी आहेत. त्याने छातीवर हात ठेवला आणि गाड्यांसमोर वाकून नमस्कार केला.

तेव्हा सगळ्यांना कळले काय झाले ते. दुसऱ्या बाजूच्या गोलाला आपल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या मध्येच तुटल्या. उतारावरचे एकूण एक तोंड मांडवाकडे वळले. मुकादम उठून उभा राहिला होता. माझ्या मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि चेअरमनसाहेब टेबलाशी आले.

"काय झालं हो मास्तर? टाळ्या कुणाला?"

हा शब्द मीच पेरला होता, निस्तरायलाही मीच हवा होतो. मी म्हणालो, "साहेब, टाळ्या गोलाला नाहीत. बाईनं मालकाचं नाव घेतलं. टाळ्या तिला आहेत."

"मालक कोण?"

"आपला बॅक. नामदेव. टोळीतला आहे."

"त्याचा पाय?"

"शाबूत आहे साहेब."

साहेबांनी मैदानाकडे पाहिले. नामदेव तिथेच उभा होता. साहेबांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. तेवढ्यात माझ्या ध्यानात आले की माइक चालू आहे. आमचे बोलणे कर्ण्यातून साऱ्या माळावर गेले होते. साहेबांच्याही ते ध्यानात आले. ते किंचित वाकले.

"मंग वाजवा की," कर्ण्यातून आवाज आला. "हात कावून बांधलेत?"

तरी कोणी हलले नाही. हे खरे की परीक्षा, हे कोणाला ठरवता येईना. मग करीमचाचा उठले. त्यांनी मफलर तोंडातून काढला, झटकला, खांद्यावर टाकला आणि टाळ्या वाजवू लागले. सुरुवातीला एकटेच वाजवत होते. म्हातारपणी एकट्याने उभे राहून टाळ्या वाजवायला काय लागते, ते त्या दिवशी मी पाहिले. मग त्यांची गल्ली उठली, मग काखेतले हात एकेक करून बाहेर आले.

उरलेला सामना आवाजात झाला. आम्ही हरलो, चांगलेच हरलो. चाचांचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, हे खरे आहे.

दिवस मावळायच्या आधी कोपीवर गेलो तर बायकांनी केशरला घेरले होते. "काय म्हनलीस गं? आमाला ऐकू न्हाई आलं, परत म्हन की." ती भाकरी थापत होती आणि मान वर करीत नव्हती. नामदेव पाय पसरून बसला होता.

"म्हण की एकदा," तो म्हणाला.

"मागून गोरा आला की म्हनीन."

मुकादम तेवढ्यात येऊन गेला. तो फक्त एवढेच म्हणाला, "सकाळी फडात या." नामदेवने आणि तिने एकदमच मान हलवली.

चेअरमनसाहेब खरेच मोकळेपणाने बोलले, की माइक चालू होता म्हणून, हे मी ठरवू शकलो नाही. उरलेल्या हंगामात कोणाच्या शेतावर टोळी गेली नाही तर ते कळेल. भीती एका सामन्याने जात नाही. सकाळी चाचांचा निरोप घ्यायला गेलो, तर त्यांनी त्यांच्याकडेच राहिलेल्या माझ्या हँडबिलावर 'लढत' शब्दावर पेन्सिलने रेघ मारून वर 'खेळ' लिहून ठेवले होते. अक्षर वाकडे, रेघ सरळ. आईच्या देवळीत आता तोच कागद आहे. मला ज्यांनी शिकवले त्यांचा मी ऋणी आहे. पण एखादा शब्द कोणाच्या अंगावर पडणार आहे, ते लिहिण्याआधी विचारावे, हे मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते. ते मी केजच्या स्टँडवर आणि चुलीपुढे शिकलो.

परतीच्या एसटीला केजच्या अलीकडे उसाच्या गाड्यांनी अडवले. डावीकडच्या फडात टोळी होती. अर्धा वाळलेला ऊस, उन्हात चमकणारी पाती, आणि धांडोळा घेतल्यावर ते दोघे दिसले. तो तोडत होता, ती मोळी बांधत होती. मी खिडकीतून ओरडलो, "नामदेव!" इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेले नाही. केशरला गेले. तिने मला ओळखले, हसली, मग त्याच्या पाठीकडे पाहिले. क्षणभर वाटले, हाक मारील.

तिने हातातले उसाच्या शेंड्याचे हिरवे वाढे लांब केले आणि त्याच्या पाठीला हलकेच लावले. तो लगेच वळला.